रिसेप्शनसाठी स्विंग-बॉलरूम बँड ठरवताना नेमकं काय विचारावं?

केतकीचं_पान

मडगावजवळ लॉनवर रिसेप्शन आहे. जानेवारीचा तिसरा आठवडा, साधारण २५० पानं. मुलीकडचे पुण्याचे, मुलाकडचे बाणावलीचे. मुलाकडच्यांना डीजे नकोय. जुन्या वळणाचा नाचाचा बँड हवा आहे: वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, जाइव्ह असे जोडीने करायचे नाच आणि खरं स्विंग (झुलत्या लयीचं जुनं जॅझ). तीन कोटेशनं हातात आहेत. एक पाच जणांचा, एक आठ जणांचा आणि एक "सतरा जणांचा बिग बँड". डेमोचे व्हिडिओ तिन्हींचे झकास आहेत, त्यामुळे डेमोवरून काही ठरेना. विचारायचं काय, तपासायचं काय आणि मांडववाल्याला सांगायचं काय, हे जाणकारांनी सांगावं. "बजेट किती" हा प्रश्न कृपया नको, तो घरात रोज होतोच.

चौथा_ट्रम्पेट

आधी आकड्यांचं बघू, कारण फसवणूक तिथूनच सुरू होते. "सतरा जण" म्हणजे कोण कोण, ते वाद्यासकट लिहून मागा. पूर्ण बिग बँडची मांडणी ठरलेली आहे: पाच सॅक्सोफोन (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, डबल बेस, ड्रम्स. झाले सतरा. गायक-गायिका त्याच्या वर. यादीत तीन गायक, दोन कीबोर्ड, एक साउंडवाला आणि एक "को-ऑर्डिनेटर" दिसला, तर फुंकणारे किती उरले ते मोजा.

आठ जणांत काम होतं का? होतं, पण फुंकणारे किमान तीन हवेत: ट्रम्पेट, सॅक्स, ट्रॉम्बोन. दोन असले की धून आणि तिची सावली एवढंच ऐकू येतं. तिसरा आला की सुरांचा घट्ट गठ्ठा तयार होतो, आणि स्विंगचा जो "धक्का" लोकांना हवा असतो तो त्या गठ्ठ्यातून येतो. चौथा मिळाला तर सोन्याहून पिवळं. पाच जणांचा बँड वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट उत्तम वाजवू शकतो, पण त्याला बिग बँडचा आवाज मागू नका.

तुम्हाला जुने अमेरिकन बँडलीडर ग्लेन मिलर यांच्या बँडचा तो मऊ, लोण्यासारखा आवाज हवा असेल तर एक बारकावा लक्षात ठेवा. तो आवाज नुसत्या सॅक्सचा नाही. वरची धून क्लॅरिनेट वाजवतं, तीच धून टेनर एक सप्तक खाली धरतो, आणि बाकीचे सॅक्स त्या दोघांच्या मधली जागा भरतात. म्हणजे रीडवाले (सॅक्स-क्लॅरिनेट फुंकणारे) पाच हवेत आणि त्यातल्या एकाला क्लॅरिनेट पक्कं यायला हवं. लीडरला सरळ विचारा, "तुमच्यात क्लॅरिनेट कोण डबल करतो?" उत्तर लगेच आलं नाही, तर तो प्रकार तुमच्या यादीतून काढा.

डेमोबद्दल: कापाकापी केलेला व्हिडिओ घेऊ नका. एका कॅमेऱ्याने समोरून, पहिल्या काउंटपासून शेवटच्या सुरापर्यंत, न तोडता घेतलेलं एक गाणं मागा. गोव्यात आणि वांद्र्या-वसईकडेही ट्रॅकवर वाजवणारे बँड भरपूर आहेत. मागे मायनस-वन (एखादं वाद्य वा आवाज वगळून केलेलं रेकॉर्डिंग) चालू असतो, पुढे एक ट्रम्पेट. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही पैसे आठ माणसांचे देताय. ओळखायची सोपी खूण: प्रत्यक्ष भेटीत लीडरला सांगा, "हेच जरा हळू वाजवा, आणि शेवटचा भाग परत घ्या." माणसं असतील तर दहा सेकंदांत होतं. ट्रॅक असेल तर कारणं सुरू होतात.

पायताल

चौथा_ट्रम्पेट यांचं सगळं मान्य, पण नाचणाऱ्याच्या बाजूने पहिला प्रश्न वेगळा आहे: लय किती? बँड कितीही गोड वाजो, लय चुकली की फ्लोअर रिकामा होतो आणि मग "आजकाल कुणाला नाचता येत नाही" असं खापर पाहुण्यांवर फुटतं.

स्पर्धेतली मापं मिनिटाला किती बार (तालाची आवर्तनं, वॉल्ट्झमध्ये तीन ठोक्यांचं एक) अशी मोजतात. स्लो वॉल्ट्झ २८ ते ३०, म्हणजे ८४ ते ९० ठोके. व्हिएनीज वॉल्ट्झ ५८ ते ६०. स्लो फॉक्सट्रॉट २८ ते ३०, पण तो चार ठोक्यांचा, म्हणून ११२ ते १२०. टँगो ३१ ते ३३. क्विकस्टेप ५० ते ५२, म्हणजे २०० च्या पुढे. चा-चा ३० ते ३२. रुंबा २५ ते २७. जाइव्ह ४२ ते ४४, म्हणजे १६८ ते १७६ ठोके.

आता ही स्पर्धेची मापं जशीच्या तशी लग्नात लावू नका. १७० चा जाइव्ह साठीच्या पुढच्या मंडळींना दोन मिनिटांत खुर्चीत बसवतो. लग्नात जाइव्ह १४० ते १५५ ला सुरू करावा, फ्लोअर तापल्यावर एखादा १६५ चा. फॉक्सट्रॉट १२०-१२५ पर्यंत गेला तरी चालतो, गर्दीत लांब पावलं टाकायला जागा नसतेच. वॉल्ट्झ मात्र हलवू नका. ९६ च्या वर गेला की तो ना स्लो राहतो ना व्हिएनीज, आणि नवरा-नवरी पाय ओढत फिरतात.

तपासायची पद्धत: डेमो लावा, घड्याळ घ्या, १५ सेकंदांत किती ठोके येतात ते मोजून चारने गुणा. वॉल्ट्झमध्ये फक्त "एक" मोजा, पूर्ण मिनिटभर. मग गाण्याच्या शेवटच्या मिनिटात परत मोजा. सुरुवातीला १४८ आणि शेवटी १६० निघाले तर ड्रमर पळतोय. रंगात आल्यावर तो आणखी पळेल.

अजून दोन गोष्टी लीडरला लिहून द्या. सुरुवातीचा तुकडा चार बारांचा आणि लयीत हवा. गायक मोकळ्या लयीत आळवत बसला की फ्लोअरवरची जोडपी हात धरून नुसती उभी राहतात, पहिलं पाऊल कधी टाकायचं तेच कळत नाही. आणि गाणं तीन-साडेतीन मिनिटांत संपवा. सहा मिनिटांचं सोलो ऐकायला छान, नाचायला शिक्षा.

लष्करच्या_भाकऱ्या

म्हणजे लॉनवर घड्याळ घेऊन ठोके मोजणारे एक काका असणार हे नक्की. पाहुण्यांत आमचंही नाव घाला. (हलके घ्या.)

मांडव_आणि_मेख

लॉन म्हणालात म्हणून लिहितोय. बँडच्या आधी जमिनीचं बघा. हिरवळीवर गालिचा टाकून "डान्स फ्लोअर" म्हणणारे आहेत. त्यावर टाच रुतते आणि गिरकी घेताना पाय अडकून गुडघा पिरगळतो.

जागा किती? एका जोडप्याला २० चौरस फूट धरा. २५० पाहुण्यांत एका वेळी ४० जोडपी उतरली तर ८०० चौरस फूट. २४ बाय ३२ चा फ्लोअर घ्या, म्हणजे ७६८ होतात, आणि हिशोब सुटसुटीत: ८ बाय ४ चे बरोबर २४ प्लाय. जाडी १८ किंवा १९ मिलिमीटर. १२ ची दिली तर मधोमध उसळते आणि ढोलासारखी वाजते, पावलांचा आवाज बँडच्या माइकात शिरतो. खाली ३ बाय २ इंचांच्या लाकडी पट्ट्या, १६ इंचांवर एक, आणि त्या पाणसळ लावून सपाट केलेल्या. सांधे विटांच्या भिंतीसारखे सरकवून घ्या. चार कोपरे एका जागी आले की तिथे हमखास एक कोपरा वर येतो. सरकवलं की टोकाला अर्धे प्लाय लागतात, ते कापून घ्यायचे, संख्या तीच राहते. स्क्रू पृष्ठभागाच्या आत बुडवलेले. सांध्यांवर कापडी टेप, चकचकीत प्लॅस्टिकची नको.

वर विनाइल टाकायचा आग्रह सजावटवाले धरतात, फोटोत काळा-पांढरा पट छान दिसतो. पण मऊ विनाइल बूट धरून ठेवतं. वॉल्ट्झमध्ये पाऊल घसरत गेलं पाहिजे. टाकायचंच असेल तर कडक, गुळगुळीत आणि ताणून बसवलेलं. प्लायला मेण लावू नका. फार चिकट वाटलं तर फ्रेंच चॉकची (टाल्कची) पूड अगदी चिमूटभर, कडेला टाकून पायांनी पसरू द्या.

जानेवारीत लॉनवर नऊनंतर दव पडतं. फ्लोअरच्या वर छत हवंच, नुसत्या बाजूच्या कनाती पुरत नाहीत. शिवाय दोन जाड कोरडे पोछे आणि एक माणूस फक्त त्या कामाला. आणि हे ठळक अक्षरांत: पहिल्या नाचाला पांढरा धूर सोडणार असाल तर तो जमिनीलगतचा थंड धूर फ्लोअर ओला करतो. कागदी चमक्या उडवल्या तर चामड्याच्या तळव्याखाली त्या बॉलबेअरिंगसारख्या फिरतात. कोल्ड फायर (थंड ठिणग्यांची आतषबाजी) केली तर नंतर बारीक राख पडते. यातलं काही हवंच असेल तर पहिला नाच संपल्यावर, फ्लोअर झाडायला पाच मिनिटं ठेवून.

पायताल

मांडव_आणि_मेख, अगदी मनातलं. एक पुरवणी: केकचं टेबल फ्लोअरच्या मध्यावर ठेवून नंतर "तिथेच असू दे" म्हणतात. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, टँगो, क्विकस्टेप हे फिरते नाच, सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने कडेकडेने जातात. जाइव्ह, चा-चा, रुंबा जागच्या जागी. गर्दीत फिरणारे बाहेरून आणि जागेवरचे मध्यभागी, हा साधा नियम माइकवरून एकदा सांगितला की टकरा निम्म्या होतात. मध्ये टेबल असेल तर जागेवरचे कडेला येतात आणि सगळा घोळ.

केतकीचं_पान

बापरे, एवढं असतं! सगळ्यांना धन्यवाद, मांडववाल्याला प्लायचा हिशोब पाठवला. पुढचे प्रश्न: (१) नवरीच्या आवडीचं एक जुनं इंग्रजी गाणं आहे, मूळ पुरुष आवाजात. ते गायिकेकडून हवंय. बँडवाले म्हणतात "दोन महिने आधी सांगा". एवढा वेळ कशाला? (२) मुलाकडच्यांनी शेवटी "मसाला" (एकापाठोपाठ एक नाचती कोंकणी गाणी) हवाच असं बजावलंय. (३) लॉनवर आवाजाची वेळ?

चौथा_ट्रम्पेट

(१) ते बरोबर बोलतायत, उलट प्रामाणिक आहेत. पुरुषाची पट्टी बाईला सहसा चार-पाच स्वर सरकवावी लागते. गायिका, पियानो, बेस यांना फरक पडत नाही. फुंकणाऱ्यांना पडतो. सगळं चार स्वर वर नेलं की पहिला ट्रम्पेट छताला लागतो. खाली नेलं की ट्रॉम्बोन आणि बॅरिटोन चिखलात. सॉफ्टवेअर एका क्लिकवर पट्टी बदलून देतं हे खरं, पण कुणाचा सूर कुणाकडे द्यायचा हे ते ठरवत नाही. वरचा सूर ट्रम्पेटकडून काढून आल्टोला द्यायचा, मधला टेनरला, हे माणसालाच बसून लिहावं लागतं. त्यात ट्रम्पेट आणि टेनर बी फ्लॅटचे, आल्टो आणि बॅरिटोन ई फ्लॅटचे, म्हणजे कागदावरचा सूर वेगळा आणि ऐकू येणारा वेगळा: बँड ई फ्लॅटमध्ये वाजवत असेल तेव्हा ट्रम्पेटच्या कागदावर एफ लिहिलेला असतो आणि आल्टोच्या कागदावर सी. सतरा जणांचे सतरा वेगळे कागद. मग एक तालीम, त्यात चुका सापडतात, मग दुरुस्ती. गायिकेची पट्टी आधी तिच्याकडून नक्की करून घ्या, "साधारण अमुक" चालत नाही.

आठ जणांच्या बँडला हे सोपं जातं. आणि जुने छापील चार्ट (एकेका गाण्याचे वाद्यवार कागद), ज्यांना स्टॉक म्हणतात, ते मुळात लहान-मोठ्या दोन्ही बँडांना चालतील असेच लिहिलेले असत. गैरहजर वाद्याचा महत्त्वाचा तुकडा दुसऱ्याच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. दुसरा ट्रम्पेट नाही? तो तुकडा आल्टो उचलतो. म्हणून सात-आठ चांगले वाचणारे लोक अर्ध्या वाचणाऱ्या पंधरांपेक्षा भारी पडतात.

वाचण्यावरून आठवलं: करारात मुख्य चौघांची नावं लिहून घ्या. लीडर, पहिला ट्रम्पेट, ड्रमर, गायक. अ‍ॅडव्हेंटमध्ये (नाताळाआधीचे आठवडे) ख्रिस्ती लग्नं सहसा होत नाहीत, आणि पुढे लेंटमध्येही (ईस्टरआधीचा उपासाचा काळ). त्यामुळे नाताळ ते कार्निव्हल (लेंटच्या तोंडावरचा उत्सव) या पट्ट्यात सगळी गर्दी होते आणि तुमची तारीख नेमकी त्यात. एकेक वादक तीन बँडांत असतो. बदली माणूस येणं गुन्हा नाही. बँडचा पॅड नीट असेल, म्हणजे प्रत्येक चार्टला क्रमांक आणि प्रत्येक फोल्डर त्याच क्रमाने, तर बदली माणूसही निभावून नेतो. लीडर म्हणतो "एकशे बारा", सगळ्यांची पानं उलटतात. फोल्डर अस्ताव्यस्त असेल तर दर गाण्याला अर्ध्या मिनिटाची शांतता, आणि त्या अर्ध्या मिनिटात फ्लोअर रिकामा.

चांगल्या लीडरचे हात बघा. डोक्याला बोट लावलं की सुरुवातीपासून परत. मिटलेली मूठ म्हणजे पुढच्या जागी संपवा. तीन बोटं खाली म्हणजे तीन फ्लॅटची पट्टी, ई फ्लॅट. वर केली तर शार्प. गायक अचानक मान हलवून पट्टी बदलायला सांगतो, तेव्हा या बोटांवर सगळं चालतं.

(२) मसाला सतरा जणांनी वाजवू नये. ऱ्हिदम सेक्शन (पियानो, गिटार, डबल बेस, ड्रम्स), एक ट्रम्पेट, एक सॅक्स आणि गायक, एवढंच पुरे. तिथे कोंकणी गाणी एकाला एक जोडत जायची असतात, कागद बघून होत नाही. मांडो (गोव्याचं जुनं नाचगीत) असेल तर तो संथ, ६/४ च्या चालीचा, आणि त्यामागून दुलपद, त्याचंच चपळ भावंड, ६/८ मध्ये वेग घेतं. त्या वळणावर स्विंगचा ड्रमर चाचपडतो, कारण त्याचा हात चार ठोक्यांच्या झोल्याला (स्विंगच्या झुलत्या लयीला) सरावलेला. त्याने हे आधी वाजवलंय का, तेवढं विचारा.

माइक_टेस्टिंग_वन_टू

(३) चं उत्तर. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागी बंद म्हणजे बंद. "आमचा बँड विनामाइक वाजवेल" ही पळवाट नाही. नियमात लाउडस्पीकरबरोबर वाद्यांचाही उल्लेख आहे. सूट आहे ती सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेला. मांडवाला कनाती लावल्या म्हणून तो बंदिस्त होत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं. तुमच्या तारखेला ती असेल असं धरून चालू नका.

म्हणून वेळ उलटी मोजा. १० ला शांतता. ९:३५ ते ९:५८ मसाला. ८:५५ ते ९:३५ दुसरा नाचाचा सेट. ८:३५ ते ८:५५ बँडची विश्रांती, जेवण उघडायचं ते याच वेळी. ७:५५ ते ८:३५ पहिला सेट. ७:४५ ला नवरा-नवरीचा वॉल्ट्झ आणि लगेच ब्राइड्समेड-बेस्टमॅनचा दुसरा नाच. ७:३० ला केक आणि सौद (वधूवरांना शुभेच्छांचं भाषण, टोस्ट). ७:२० ला प्रवेश आणि ग्रँड मार्च (जोड्याजोड्यांनी फ्लोअरवर चालत येणं). ७ ला पाहुणे येत असताना मागे हलकं काहीतरी: ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं बूच), ड्रमला काठ्यांऐवजी ब्रश. नवरी हमखास उशिरा येते. तेव्हा कापायचं काय ते आजच ठरवा. माझ्या मते सौद देणाऱ्याची मिनिटं कापा, नाचाची नकोत. सौद देणारे पुण्याचे असतील तर दोनदा सांगा.

आता साउंड. आठ जणांना १० ते १२ चॅनल पुरतात: गायकाला एक, पियानोला दोन, डबल बेसला पिकअप, तीन फुंकणाऱ्यांना एकेक, ड्रमला दोन, गिटारला एक. सतरा जणांना प्रत्येकी माइक लावायचा मोह साउंडवाल्याला होतोच, तो होऊ देऊ नका. ब्रासला माइक न लावताही लॉनच्या टोकापर्यंत ऐकू जातं. मदत लागते ती गायकाला, पियानोला, बेसला, आणि सोलोसाठी पुढे एक-दोन माइक. मागच्या ट्रम्पेटना माइक दिला की तो पियानो गिळतो. मग पियानो वाढवतात, मग गायक, आणि शेवटी पहिल्या टेबलावरच्या आजी कानात कापूस मागतात. पहिलं टेबल स्टेजपासून १५ फूट लांब आणि वयस्कर मंडळी बाजूला.

स्टेज: आठ जणांना २० बाय १२. सतरा जणांना २८ बाय १६. सॅक्स पुढे खाली, ट्रॉम्बोन ८ इंच वर, ट्रम्पेट १६ इंच वर. ट्रॉम्बोनची नळी पुढे येते, म्हणून पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून अंतर ठेवा. खुर्च्या बिनहाताच्या. सॅक्स मांडीच्या बाजूला धरतात, हात असलेली खुर्ची आड येते. ही साधी गोष्ट दर वेळी विसरली जाते आणि सहा वाजता खुर्च्यांची शोधाशोध सुरू होते.

वीज: बँडची लाइन केटरर आणि लाइटच्या फेजपासून वेगळी, अर्थिंग तपासलेलं. डिमर एकाच लाइनवर असेल तर गिटारच्या अ‍ॅम्पमधून रात्रभर गुंऽऽ. आणि लाइटवाल्याला सांगा की लाल रंग मारायचा नाही. वादक दुरुस्त्या लाल पेन्सिलीने करतात. लाल दिव्याखाली त्या कागदावरून चक्क नाहीशा होतात. प्रत्येक स्टँडला पांढरा छोटा दिवा हवाच. समुद्राकडून वारा येतो, म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे, माणशी चार.

जुनी_तबकडी

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. हे सगळं गोव्याला नवं नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सूरलिपी वाचायला शिकवत, हातात व्हायोलिन देत. त्यामुळे मुंबईत हॉटेलांच्या बँडांना वाचणारे वादक हवे झाले तेव्हा ते तयारच होते. ताजमध्ये १९३५ ला लिऑन अ‍ॅबी अमेरिकन बँड घेऊन आले, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड आले, आणि त्यांच्यासोबत बसून गोव्याच्या मंडळींनी स्विंगचा झोला उचलला. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून वर्षानुवर्षं ताजमध्ये होता. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाले, पुढे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदातही. मराठी माणसाने लहानपणापासून रेडिओवर जे ब्रास ऐकलंय, त्यात ही फुंकर आहे. तेव्हा पुण्याकडच्यांना "हे आपलं नाही" असं वाटायचं कारण नाही.

चौथा_ट्रम्पेट

सुंदर प्रतिसाद. एकच भर: तो झोला कागदावर लिहिलेला नसतो. दोन सारखे अर्धे ठोके लिहिलेले असतात आणि वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड. संथ लयीत फरक जास्त, वेग वाढला की ते जवळजवळ सारखे होत जातात. २०० च्या लयीतही उड्या मारत वाजवणारा बँड ऐकलात, तर समजा नुसता वाचतोय, ऐकलेलं काही नाही.

पायताल

इथे थोडा मतभेद नोंदवते. झोला हवाच, पण बॉलरूमवाल्यांसाठी नाही. व्हिक्टर सिल्व्हेस्टर हे १९२२ चे जागतिक बॉलरूम विजेते. त्यांनी १९३५ मध्ये स्वतःचा बँड काढला तो याच तक्रारीपायी, की तेव्हाच्या रेकॉर्डींवर धड नाचता येत नाही. ठरलेली लय, गायक नाही, धून स्पष्ट. ऐकायला कंटाळवाणं असेल, पाय मात्र चुकत नाहीत. तेव्हा एकाच बँडकडून दोन्ही हवं असेल तर सेट वेगळे करा: पहिला सेट बॉलरूमचा, कडक लयीत. दुसरा स्विंग-जाइव्हचा, तिथे सोलो, गायक, काय हवा तो धिंगाणा.

चौथा_ट्रम्पेट

पायतालताई, "कंटाळवाणं" तुम्हीच म्हणालात, मी नाही. बाकी सेट वेगळे करायला पूर्ण अनुमोदन, आणि त्यामागे आमचंही कारण आहे: ओठ. पहिल्या ट्रम्पेटचे सगळ्यात उंच चार्ट एकापाठोपाठ ठेवले की तिसऱ्याला त्याचे सूर फुटतात. उंच, मध्यम, मग म्यूट लावलेला संथ, असं फिरवायचं. ४० मिनिटांच्या पुढे सेट नको.

दुसरं, थंडी. रात्र थंड झाली की फुंकायची वाद्यं सुरात उतरतात, डिजिटल पियानो उतरत नाही. विश्रांतीनंतर परत सूर जुळवायला दोन मिनिटं द्या, प्रेक्षकांना ते "टँऽ टँऽ" ऐकायला लागलं तरी चालेल. जागेवरचा जुना उभा पियानो फोटोत छान दिसतो म्हणून वापरू नका. असे पियानो कधीकधी अर्धा स्वर खाली बसलेले असतात आणि एका दिवसात वर ओढायला गेलं तर तारा तुटतात. ८८ पट्ट्यांचा डिजिटल आणा, हवं तर लाकडी खोक्यात घाला.

लष्करच्या_भाकऱ्या

विश्रांतीच्या वीस मिनिटांत काय? शांतता ठेवली तर सगळे जेवणाकडे धावतील आणि परत येणार नाहीत.

जुनी_तबकडी

न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूमने, १९२६ ची गोष्ट, यावर उपाय काढला होता: दोन स्टेज, दोन बँड. एक थांबला की दुसरा सुरू, नाच तुटायचाच नाही.

माइक_टेस्टिंग_वन_टू

दोन बँड इथे कुणाला परवडणार! गिटार, बेस आणि एक सॅक्स असे तिघे बसून संथ वाजवतात, बाकीचे जेवतात, मग अदलाबदल. हे करारात आधी लिहा, आयत्या वेळी मागितलं तर तोंडं वाकडी होतात. रेकॉर्ड लावायची असेल तर निवड लीडरकडूनच घ्या आणि आवाज बँडपेक्षा खाली ठेवा.

रेकॉर्डवरून: गाणी वाजवायच्या लायसन्सची चौकशी लॉनवाला करेल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना सवलत आहे, ते वाक्य छापून जवळ ठेवा. तिकीट लावून केलेल्या नाचाला ती लागू नाही, तिथे वेगळा हिशोब.

केतकीचं_पान

ठरलं. आठ जणांचा बँड, चार फुंकणारे (आल्टोवाला क्लॅरिनेट वाजवतो, विचारून घेतलं), न कापलेला व्हिडिओ आला. घड्याळ लावून मोजलं: जाइव्ह सुरुवातीला १५२, शेवटी १५४. वॉल्ट्झ ८८. गायिकेची पट्टी परवा कळवणार आहेत. मांडववाला म्हणतो १८ मिलिमीटर नाही, १२ च देतो, "सगळे तेच घेतात".

मांडव_आणि_मेख

मग दोन थर मागा, एकावर एक, वरचा थर खालच्याला आडवा आणि थोडा सरकवून, म्हणजे सांध्यावर सांधा येणार नाही. ४८ प्लाय. दोन थरांना जोडणारे स्क्रू एक इंचाच्या आतले नकोत. भाव ऐकला की तो बहुतेक १८ चे २४ शोधून आणेल.